पाइप ओढणारा साप टेबलावर: ब्राझीलच्या सैनिकांना घेऊन वॉरगेमिंग कसं सुरू करावं

दुसऱ्या महायुद्धातल्या खेळण्यातल्या सैनिकांची माझी पहिली ब्राझिलियन प्लाटून पांढरे झगे घालून सप्टेंबरच्या उन्हात लढायला उतरली होती. टेबलावर इटलीतलं मसारोझा गाव, ऑलिव्हची झाडं, आणि त्यातून रांगेनं चाललेले बर्फातल्या पोशाखातले छत्तीस सैनिक. समोर बसलेल्या मित्रानं विचारलं, "हे काय, दिंडी निघाली का?"

मी आधी मिनिएचर, म्हणजे हे इवलेसे सैनिक, घेतले, मग रंगवले आणि शेवटी इतिहास वाचला. तुम्ही हा क्रम उलटा करावा म्हणून हे लिहितोय.

वॉरगेमिंग नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: छोटे सैनिक, डोंगर-घरं मांडलेलं टेबल, फासे, मोजपट्टी आणि एक नियमपुस्तक. कोण किती चालणार, कुणाची गोळी लागणार, कोण घाबरून खाली झोपणार हे फासे आणि नियम ठरवतात. दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडलेत ना? मग निम्मं काम तुम्हाला येतंच.

१. आधी हे लोक कोण, ते समजून घ्या

ऑगस्ट १९४२ मध्ये यू-५०७ या जर्मन पाणबुडीनं ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ काही दिवसांत एकामागून एक जहाजं बुडवली. सहाशेवर माणसं गेली. लोक रस्त्यावर उतरले आणि २२ ऑगस्टला जेतुलिओ वार्गास यांच्या सरकारनं जर्मनी-इटलीशी युद्धस्थिती जाहीर केली. पण प्रत्यक्ष सैन्य जायला आणखी दोन वर्षं लागली. ब्राझील लढायला जाण्याआधी साप पाइप ओढायला लागेल, असं लोक म्हणायचे. शेवटी सैनिक गेले आणि त्यांनी पाइप ओढणारा सापच बाहीवर लावला. 'आ कोब्रा व्हाय फुमार', म्हणजे साप आता धूर सोडणार.

पहिली तुकडी २ जुलै १९४४ ला निघाली आणि १६ जुलैला नेपल्सला उतरली. पुढे एकूण सुमारे २५,००० माणसं गेली. जनरल मास्करेन्यास दि मोराइस यांच्या हाताखाली एक पायदळ डिव्हिजन, तिच्यात पहिली, सहावी आणि अकरावी अशा तीन रेजिमेंट. डिव्हिजन अमेरिकेच्या पाचव्या आर्मीला जोडलेली होती. सोबत पी-४७ थंडरबोल्ट उडवणारं एक लढाऊ विमानदळही होतं. या साध्या शिपायांना ब्राझीलमध्ये 'प्रासीन्या' म्हणतात. शब्दात लाड आहे, आपल्याकडच्या 'आमचे जवान'सारखा.

मग यांचा विसर का पडला? दोस्त फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर जगाचं लक्ष फ्रान्सकडे गेलं, इटलीची आघाडी मागे पडली, आणि तिथेही ही अनेकांतली एक डिव्हिजन. शिवाय वार्गास स्वतः हुकूमशहा. हुकूमशाहीविरुद्ध लढून परतलेले पंचवीस हजार लोक एकत्र राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. दल मायदेशी येताच विसर्जित झालं. ऑक्टोबर १९४५ मध्ये वार्गास यांची सत्ता गेलीच. पुढे १९६४ च्या लष्करी उठावानंतर राष्ट्राध्यक्ष झालेले कास्तेलो ब्रांको हे याच डिव्हिजनच्या मोहिमा आखणारे अधिकारी. त्यामुळे खुद्द ब्राझीलमध्येही या आठवणींना राजकारणाचा वास लागला.

आपल्या वाचकासाठी एक धागा. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती टायबरच्या खोऱ्यातली लढाई १० जुलै १९४४ ची. त्यानंतर सहाच दिवसांनी ब्राझिलियन नेपल्सला उतरले. ऑक्टोबरात ते सेर्कियो नदीच्या खोऱ्यात बार्गाच्या आसपास लढत होते. डिसेंबरअखेर त्याच खोऱ्यात जर्मनांनी अमेरिकनांना मागे रेटलं, तेव्हा खिंडार बुजवायला आठवी भारतीय डिव्हिजन धावली. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन याच डिव्हिजनमधली. नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो तिच्यातूनच. तेव्हा बार्गाचं टेबल एकदा मांडलंत, तर दोन महिन्यांच्या फरकानं दोन वेगळ्या फौजा त्याच डोंगरावर खेळवता येतात.

२. महिना ठरवा, मगच खिशात हात घाला

सगळ्या लेखातली हीच पायरी चुकवू नका. ब्राझिलियन इटलीत जेमतेम आठ महिने लढले, पण त्या आठ महिन्यांत कपडे, शत्रू, जमीन आणि स्वतः ते, सगळंच बदललं. "मला ब्राझिलियन फौज हवी" म्हणू नका. "मला डिसेंबरची ब्राझिलियन फौज हवी" म्हणा.

सप्टेंबर-ऑक्टोबर १९४४. पहिली लढाई सप्टेंबरच्या मध्यावर, फक्त सहाव्या रेजिमेंटच्या गटाची. मसारोझा, कामायोरे, मग माँते प्रानो. जर्मन मागे हटत होते, त्यामुळे खेळ गस्ती आणि पाठलागाचा. नंतर सेर्कियोचं खोरं. तिथे समोर मुसोलिनीच्या उरलेल्या राजवटीचे इटालियन सैनिकही होते आणि ३१ ऑक्टोबरला ब्राझिलियनांना पहिला जोरदार उलटा मार बसला. नवख्यानं इथून सुरुवात करावी. फौज छोटी लागते आणि टेबल साधं.

नोव्हेंबर-डिसेंबर १९४४. माँते कास्तेलो. उंची हजार मीटरच्या जरा आत, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही बुटका. पण वर जर्मन २३२ वी डिव्हिजन बसलेली आणि डावीकडचा माँते बेल्वेदेरेही त्यांच्याच ताब्यात. २४ आणि २५ नोव्हेंबरला अमेरिकनांबरोबर हल्ला, अपयश. २९ ला पुन्हा, अपयश. १२ डिसेंबरला पाऊस, धुकं आणि चिखलात पुन्हा, आणि पुन्हा अपयश. समोरची २३२ वी काही निवडक फौज नव्हती. तिच्यात वयस्क आणि जखमांतून उठलेले पुष्कळ होते. पण उंचावर बसून मशीनगन चालवायला तरुण असावं लागत नाही.

हिवाळा. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत बर्फ, खंदक आणि रात्रीच्या गस्ती. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता ती माणसं अ‍ॅपेनाइन डोंगरात. घट्ट बुटांनी पाय सडतात हे कळल्यावर ते बूट काढून रबरी गॅलोशमध्ये (बुटांवरून घालायच्या जोड्यांमध्ये) गवत आणि कागद कोंबून राहायचे. माझे पांढरे झगे इथले होते.

फेब्रुवारी ते एप्रिल १९४५. अमेरिकेच्या दहाव्या माउंटन डिव्हिजननं बेल्वेदेरे घेतला आणि २१ फेब्रुवारीला ब्राझिलियनांनी माँते कास्तेलो. १४ एप्रिलपासून मोंतेझे गावात घराघरातून लढाई. तिथे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून ४२६ माणसं गमावली, त्यांच्या मोहिमेतली सर्वात रक्तरंजित लढाई. मग सपाट प्रदेशातली धावपळ. पायदळाला वेग यावा म्हणून मास्करेन्यास यांनी तोफखान्याचे ट्रक काढून त्यांत माणसं बसवली. कोलेक्कियो आणि फोर्नोवो इथे वाट अडवली. २९ एप्रिलला जनरल फ्रेट्टर-पिको आपल्या १४८ व्या डिव्हिजनसह शरण आले. सोबतचे इटालियन आणि इतर तुकड्या धरून कैदी जवळजवळ पंधरा हजार.

३. सैनिक कुठून आणायचे आणि त्यांत काय बदलायचं

खास ब्राझिलियन मिनिएचर मिळतात, पण कमी आणि महाग. बहुतेकजण अमेरिकन पायदळच वापरतात, कारण हेल्मेट, पट्टे, मशीनगन, बझूका (खांद्यावरून डागायचं रणगाडाविरोधी शस्त्र), मॉर्टर (उखळी तोफ) सगळं अमेरिकन होतं. प्लाटूनची बांधणीही त्याच धर्तीवर: साधारण बारा-बारा जणांच्या तीन तुकड्या, प्रत्येकीत एक बार, म्हणजे ब्राउनिंगची स्वयंचलित रायफल, आणि वर प्लाटूनचा लेफ्टनंट.

आकार कोणता? २८ मिलिमीटर दिसायला देखणा, पण माँते कास्तेलो मांडायचा तर डोंगरच टेबलाबाहेर जातो. १/७२ चे, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढे, प्लास्टिकचे सैनिक स्वस्त आणि घरात मावणारे. मी आता १५ मिलिमीटरवर आलोय. डोळे साथ देतात तोवर ठीक.

इथला मुख्य सापळा रायफलीचा. अमेरिकन मिनिएचरच्या हातात बहुधा गॅरंड असते, तिचा नुसता ट्रिगर पुन्हा दाबला की पुढची गोळी सुटते. ब्राझिलियनांच्या हातात मुख्यतः स्प्रिंगफील्ड १९०३, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायची. १५ मिलिमीटरमध्ये फरक दिसत नाही, मग हात बदलत बसू नका. २८ मध्ये मात्र स्प्रिंगफील्डचे सुटे हात शोधा.

रणगाडे? त्यांचे स्वतःचे नव्हते. टेहळणी करणाऱ्या स्क्वाड्रनकडे एम-८ ग्रेहाउंड चिलखती गाड्या आणि थोडे हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेल्या गाड्या) होते. शर्मन रणगाडा हवाच असेल तर अमेरिकन खुणांचा, मदतीला आलेला म्हणून ठेवा. माझ्या एका मित्रानं शर्मनवर ब्राझीलचा झेंडा रंगवला. सुंदर रंगवला होता. दुसऱ्या दिवशी खरवडला.

लागणारं सामान:

- तीस ते चाळीस सैनिक, एक मशीनगन, एक ६० मिलिमीटर मॉर्टर, एक बझूका
- जर्मन बाजूचे वीस-पंचवीस (बचावाला कमी पुरतात)
- धारदार कटर, बारीक कानस, सुपरग्लू
- शून्य आणि दोन नंबरचा ब्रश (तीन शून्यांचा ब्रश घेऊ नका, रंग टोकावरच वाळतो)
- अ‍ॅक्रिलिक रंग, मॅट वार्निश, प्रायमरचा स्प्रे
- दहा-बारा फासे, इंचांची मोजपट्टी
- थर्माकोल, गोणपाट, फेविकॉल, वाळू

रेझिनचे सैनिक असतील तर कानस करताना तोंडाला मास्क हवाच, आणि शक्यतो पाणी लावून घासा.

४. परदेशातून मागवताना

इथे कागद नीट नसले की हौस जिरते. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ साली ७० टक्के. मिनिएचर खेळणं धरले गेले की त्यावर करही चढतो. पाठवणावळही किमतीत धरली जाते, हे पहिल्यांदा कुणाच्याच लक्षात येत नाही.

हाताशी ठेवा:

- दुकानाचं सविस्तर बिल, प्रत्येक वस्तूचं वर्णन आणि किंमत वेगवेगळी
- पैसे भरल्याचा पुरावा, कार्डचा किंवा बँकेचा
- आधार, पॅन किंवा पासपोर्ट, कुरिअरच्या केवायसीसाठी. बिलावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः तेच

"भेटवस्तू म्हणून पाठवतो, किंमत कमी लिहितो" असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. माझं एक पार्सल अशाच कमी लिहिलेल्या किमतीपायी तीन आठवडे अडकलं. वर 'मेटल सोल्जर्स, वेपन्स' असं वर्णन! वर्णनात 'अनपेंटेड हॉबी मिनिएचर्स' असं लिहायला आधीच सांगा, शस्त्रांचा उल्लेख नको.

सोपा मार्ग म्हणजे फाइल विकत घेऊन आपल्या शहरातच थ्रीडी प्रिंट करून घेणं. पुण्या-मुंबईत रेझिन प्रिंट करून देणारे भरपूर आहेत. एक नमुना आधी छापून बघा. रायफलीच्या नळ्या मोडतात.

५. रंग

ब्राझीलहून आलेला गणवेश हिरवट होता आणि लांबून जर्मनांसारखा दिसायचा. नेपल्सला उतरले तेव्हा हातात शस्त्रं नव्हती, त्यामुळे लोकांना वाटलं जर्मन कैदीच आणलेत. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांची फौज रंगवताना अमेरिकन मातकट छटेपेक्षा हिरव्याकडे झुका. थंडी पडल्यावर अमेरिकन जाकिटं आली, तेव्हा हिरवी पँट आणि मातकट जाकीट अशी सरमिसळ करा. सगळे एकसारखे रंगवलेत तर ते ब्राझिलियन वाटणारच नाहीत.

बिल्ल्याचा घोळ: पाइप ओढणारा साप हा इटलीत आल्यानंतरचा. त्याआधी हिरव्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत 'ब्राझील' एवढंच होतं. सप्टेंबरच्या सैनिकाला साप लावू नका. सापाचा बिल्ला पिवळ्या जमिनीचा, लाल किनारीचा, वर निळी पट्टी. १५ मिलिमीटरमध्ये पिवळा ठिपका आणि त्यावर हिरवी वळवळ पुरे. गाड्यांवर वर्तुळातला सदर्न क्रॉस, म्हणजे दक्षिण आकाशातला तारकासमूह.

चेहरे. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. शेजारचीच ९२ वी डिव्हिजन तशी होती. ब्राझीलच्या तुकड्यांत गोरे, काळे, मिश्र, मूळनिवासी वंशाचे एकत्र होते. एकच कातडीचा रंग सगळ्यांवर फिरवू नका. चार छटा करून एकाच तुकडीत मिसळा. बिल्ला न दिसणाऱ्या अंतरावरून फौज ओळखू येते ती यामुळेच.

आणि पावसाळ्यात स्प्रे मारू नका. दमट हवेत प्रायमर पांढुरका आणि खरखरीत बसतो. जुलैत मारलेले माझे दहा सैनिक अजून कोड फुटल्यासारखे दिसतात.

६. नियम

कोणतंही प्लाटून पातळीचं नियमपुस्तक चालेल. 'बोल्ट अ‍ॅक्शन' सोपं. पिशवीतून फासा काढायचा, ज्याच्या रंगाचा निघेल त्याची एक तुकडी हलते. 'चेन ऑफ कमांड' मध्ये खऱ्या लढाईआधी गस्तींचा एक डाव असतो, तो ब्राझिलियनांना फार शोभतो. नवख्यानं 'बोल्ट अ‍ॅक्शन'नं सुरुवात करावी आणि सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे जावं.

नियमपुस्तकात ब्राझीलची यादी नसेल तर अमेरिकन यादी घ्या, पण गॅरंडमुळे मिळणाऱ्या सवलती काढा आणि स्वयंचलित शस्त्रं मोजकी ठेवा. दर्जा ठरवताना आळशीपणा करू नका. बरेचजण ब्राझिलियनांना 'अननुभवी' शिक्का मारून मोकळे होतात. डिसेंबरच्या काही कंपन्यांना तो लागू पडेल, त्या थेट आगीत उतरल्या होत्या. पण मोंतेझे आणि फोर्नोवोची माणसं अननुभवी म्हणणं साफ चूक. त्यांना मधला दर्जा द्या, आणि गस्तीच्या खेळात एक निवडक तुकडी त्याहून वरची. सार्जंट मॅक्स वोल्फसारखे गस्तीप्रमुख होते त्यांच्याकडे. मोंतेझेच्या दोन दिवस आधी, १२ एप्रिलला गस्तीवरच मारले गेले.

जर्मन मशीनगनला ब्राझिलियन 'लुर्दिन्या' म्हणायचे, म्हणजे लुर्देस नावाच्या मुलीचं लाडकं रूप. आमच्या टेबलावर तिला आता कुणीच दुसऱ्या नावानं हाक मारत नाही.

वाचायला बरंचसं पोर्तुगीजमध्ये आहे. यंत्रानं केलेला अनुवाद लष्करी शब्दांत गोंधळ घालतो. गोव्यात ओळखी असतील तर जुन्या पिढीत पोर्तुगीज वाचणारी माणसं भेटतात. मला मडगावच्या एका आजींनी चार पानं वाचून दाखवली, ब्राझिलियन उच्चारांवर नाक मुरडत.

७. डोंगर बांधा

इथे दिवाळीचा अनुभव काढा. विटा किंवा थर्माकोलचे ठोकळे, वर फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट, त्यावर वाळू आणि रंग. सैनिक उभे राहतील अशा पायऱ्या ठेवा, नाहीतर दर वळणाला ते घसरून पडतात. अ‍ॅपेनाइनच्या उतारावर दगडी बांधांची शेतं असतातच, त्यामुळे पायऱ्या शोभतात. खाली चार-पाच दगडी घरांच्या वाड्या, मधे चेस्टनटची झाडं. डिसेंबर असेल तर पानं नकोत, काड्याच.

बर्फासाठी खायचा सोडा वापरू नका. काही महिन्यांत पिवळा पडतो. संगमरवराची भुकटी घ्या.

८. पहिला खेळ: १२ डिसेंबर

जिंकलेली लढाई, म्हणजे २१ फेब्रुवारी, नंतर खेळा. पहिल्यांदा हरलेली मांडा, म्हणजे फेब्रुवारीत नेमकं काय बदललं ते हाताला कळेल.

सहा फूट बाय चार फूट टेबल. ब्राझिलियन खालच्या कडेनं, तीन तुकड्यांची प्लाटून आणि एक मशीनगन. जर्मन माथ्याजवळ, दोन तुकड्या, दोन लुर्दिन्या खंदकात. आठ फेऱ्या. विमानं नाहीत, धुक्यामुळे अठरा इंचांपलीकडचं दिसत नाही. चिखल आहे, म्हणून चढावर चाल अर्धी.

आता मुख्य नियम. ब्राझिलियनांच्या डाव्या कडेवर, टेबलाबाहेर, बेल्वेदेरे आहे. तिसऱ्या फेरीपासून दर फेरीला एक फासा टाका. चार किंवा वर आला तर धुकं तेवढ्यापुरतं फाटलं, आणि टेबलाच्या डाव्या निम्म्यातल्या एका तुकडीवर तिथून मशीनगनचा मारा. त्या तुकडीला आडोसा समोरून असतो, बाजूनं नाही. माझ्याकडे आजवर हा खेळ अकरा वेळा झाला. ब्राझिलियन दोनदा माथ्यावर पोचले, आणि दोन्ही वेळा ते उजव्या कडेला चिकटून गेले होते.

हरलात की टेबल तसंच ठेवा. बेल्वेदेरेचा नियम काढा, धुकं काढा, ब्राझिलियनांना तोफांचा एक मारा आणि एक पी-४७ द्या. तारीख बदलून २१ फेब्रुवारी करा आणि पुन्हा फासे टाका. जेवायच्या आधी दोन्ही डाव होतात, मात्र पहिल्या डावानंतर चहाला उठू नका. आमच्याकडे मांजरानं एकदा माथा फुकटात घेतला.